कर्कश स्पीकर : दोष कोणाचा, उपाय कोणता?

स्टिरिओचा नवा संच घरी आला की पहिला आठवडा कौतुकात जातो. झांज स्वच्छ वाजते, सतारीची तार न् तार वेगळी ऐकू येते, गायकाने मध्येच घेतलेला श्वासही कानी पडतो. पुढे मात्र जाणवू लागते की, अर्धा तास ऐकले की कान शिणतात. 'स' आणि 'श' ही अक्षरे सुईसारखी टोचतात आणि तबल्याची चाट कानशिलावर आदळते. घरातील वडीलधारी मंडळी "तेवढा आवाज कमी कर" म्हणता म्हणता आतल्या खोलीत जाऊन बसतात. अशा संचावर मग एके दिवशी कापड पडते, नाही तर तो निम्म्या किमतीला विकला जातो आणि त्याच्या दुप्पट किमतीचा दुसरा आणला जातो. पुष्कळदा तोही तसाच वाजतो.

अशा स्पीकरला दुकानदार 'ब्राइट' म्हणतात. आपण त्याला सरळ कर्कश म्हणू. सर्वसाधारण समज असा की, कर्कशपणा हा स्पीकरचा जन्मजात दोष आहे व त्यावर दुसरा स्पीकर घेणे हाच उपाय. वस्तुस्थिती तशी नाही. ध्वनिमुद्रण, जोडणी, मांडणी, खोली आणि शेवटी स्पीकर अशा पाच ठिकाणी हा दोष वाटला गेलेला असतो, आणि त्यांपैकी पहिल्या चार ठिकाणचे उपाय फुकट किंवा जवळजवळ फुकट आहेत. तेरीज जुळली नाही तर शहाणा हिशेबनीस फरकाची रक्कम लगेच सस्पेन्स खात्यात टाकीत नाही. तो आधी नोंदी तपासतो. येथेही तोच क्रम ठेवावयाचा आहे.

कान कोठे दुखतो?

माणसाच्या कानाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचे ध्वनी ऐकू येतात. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येत जाते. परंतु या सर्व पट्ट्यात कान सारखाच तीक्ष्ण नसतो. २,००० ते ५,००० हर्ट्झ या भागात तो सर्वांत हळवा असतो. कर्णनलिका ही एका टोकाला पडद्याने बंद असलेली, सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळी आहे. अशी नळी ३,००० हर्ट्झच्या आसपास अनुनाद देते, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणून याच भागात स्पीकरने दोन-तीन डेसिबल जादा दिले तरी ते लगेच टोचतात.

फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असताना कानाला खालचे, म्हणजे खर्जाचे ध्वनी फार कमी जाणवतात. घरात याचा परिणाम असा होतो की, लहान आवाजात गाणे पोकळ वाटते, म्हणून आपण आवाज वाढवतो. खर्ज थोडा भरतो, पण टोचणारा भागही वाढतो.

वडीलधाऱ्यांच्या तक्रारीकडेही याच दृष्टीने पाहावे. वयपरत्वे आलेल्या बहिरेपणात वरचे ध्वनी कमी ऐकू येतात, परंतु ते एकदा ऐकू येऊ लागले की त्यांचा मोठेपणा नेहमीपेक्षा वेगाने वाढतो. म्हणून एकच माणूस आधी "ऐकू येत नाही" म्हणतो आणि बटण जरासे फिरवताच "कान फुटले" म्हणतो. दोन्ही विधाने खरी असतात. तो हट्टीपणा नव्हे.

कसोटी कोणती?

उपाय करण्यापूर्वी कसोटी ठरवावी, नाहीतर कर्कशपणा घालवता घालवता संगीतही घालवून बसू. आपल्या बेळगाव-धारवाड परिसराला ही कसोटी बाहेरून आणावी लागत नाही. ती तंबोऱ्याची जवारी होय.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर इकडेतिकडे सरकवला की तार खुलते किंवा मिटते. खुललेल्या तारेतून मूळ स्वराबरोबर वरच्या स्वरांची जी एक झळाळी उमटते, ती जवारी. जवळच्याच मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालते. तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही झळाळी नेमकी वरच्या पट्ट्यातील असते. स्पीकर कर्कश असेल तर जवारी वाळू चाळल्यासारखी खरखरते. वरचे ध्वनी अतोनात कापले तर तंबोरा बद्द वाजतो, जणू तारेवर कोणी बोट ठेवले आहे. या दोहोंच्या मधली जागा आपल्याला शोधावयाची आहे.

दुसरी कसोटी मानवी आवाजाची. गंगुबाई हनगल (१९१३-२००९) यांचा भारदस्त आवाज आपल्यापैकी अनेकांच्या घरी ऐकला जातो. तो जर पातळ आणि किनरा ऐकू येऊ लागला, तर काहीतरी चुकते आहे असे खुशाल समजावे. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे किंवा आपल्याच जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे ध्वनिमुद्रणही चालेल. अट एकच, ते आपल्या पूर्ण ओळखीचे हवे.

पहिली तपासणी : ध्वनिमुद्रण व जोडणी

तीन-चार निरनिराळी ध्वनिमुद्रणे लावून पाहावीत. एकच टोचत असेल तर दोष त्या मुद्रणाचा आहे. स्पीकरला त्याची शिक्षा नको. मोबाइलवरून गाणे वाजवीत असल्यास डेटा वाचवण्याची सोय बंद करून पाहावी. फार दाबलेल्या ध्वनिफितीत झांज व 'स'कार फिसकटतात.

जुन्या तबकड्या वाजवणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सुई झिजली आहे काय? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९५४ पासून रूढ झालेल्या 'आरआयएए' पद्धतीनुसार तबकडीवर खर्ज मुद्दाम कमी व वरचे ध्वनी मुद्दाम वाढवून कोरलेले असतात. वाजवताना 'फोनो' भागातून उलट क्रिया होऊन ते समतोल होतात. तबकडीयंत्राची तार फोनोऐवजी साध्या 'ऑक्स'मध्ये खोचली तर आवाज बारीक आणि भयंकर किनरा येतो. कॅसेटचेही काहीसे असेच. १९६८ साली आलेल्या 'डॉल्बी बी' पद्धतीने भरलेली कॅसेट ते बटण न दाबता वाजवली तर ती प्रमाणापेक्षा चमकदार वाजते.

आता तारा. प्रत्येक स्पीकरला लाल व काळे अशी दोन टोके असतात. एका स्पीकरची टोके उलट जोडली गेली तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, खर्जाचे ध्वनी एकमेकांना खोडतात आणि उरतो तो पातळ आवाज. ओळखण्याची खूण सोपी आहे. दोन्ही स्पीकरमधून सारखाच येणारा आवाज, उदाहरणार्थ बातम्या, नेमका मधोमध ऐकू यावा. तो मधोमध न येता खोलीभर विखुरला तर एका स्पीकरची टोके अदलाबदल करून पाहावीत. तारांवर खूण नसेल तर त्या अॅम्प्लिफायरपासून सोडवून १.५ व्होल्टच्या सेलचे टोक क्षणभर टेकवावे. सेलचे धन टोक लाल टोकाशी असताना वूफरचा पडदा बाहेर आला पाहिजे.

शेवटची गोष्ट अॅम्प्लिफायरच्या कुवतीची. लहान अॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की ध्वनितरंगांचे शेंडे छाटले जातात व मूळ गाण्यात नसलेले वरचे ध्वनी निर्माण होतात. ते कर्कश तर असतातच, शिवाय ट्वीटर जाळतात. स्नेहसंमेलनात भाड्याचे स्पीकर का किंचाळतात याचे एक उत्तर येथे आहे.

स्पीकरची मांडणी

खर्जाचे ध्वनी पाण्यासारखे चहूकडे पसरतात, तर वरचे ध्वनी बॅटरीच्या झोतासारखे समोर जातात. यावरून दोन उपाय निघतात.

पहिला, झोत चुकवणे. स्पीकर सरळ आपल्या कानाकडे रोखलेले असतील तर ते थोडे बाहेर वळवावेत, म्हणजे झोत कानाच्या बाजूने जाईल. एकेका वेळी चार बोटे वळवून ऐकावे. स्पीकरची पुढची जाळी काढून ठेवली असेल तर ती लावावी. फरक थोडा पडतो, पण पडतो.

दुसरा, खर्ज भरून काढणे. कर्कश वाटणाऱ्या स्पीकरमध्ये कधीकधी वरचे जास्त नसते, खालचे कमी असते. स्पीकर मागच्या भिंतीजवळ नेला की भिंतीच्या आधाराने खर्ज वाढतो व तोल साधतो. मात्र कोपऱ्यात कोंबू नये. तेथे डग्गा घुमतच राहतो.

आपल्याकडे स्पीकर बहुधा शोकेसमध्ये, काचेच्या व फोटोंच्या दाटीत, नाहीतर कपाटावर असतात. शोकेसची काच आणि खालची फळी वरचे ध्वनी लगेच परत फेकतात. स्पीकर फळीच्या पुढच्या कडेशी आणून ठेवावा. लोखंडी कपाटाचे दार आवाजाबरोबर थरथरत असेल तर त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा सारावा. ती थरथरही कर्कशपणात जमा होते.

खोलीचा हिशेब

मुख्य आरोपी बहुधा खोलीच असते. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधले गेले, पण त्यात व्याख्याने कळेनात. बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. तोवर वक्ता पुढील कित्येक शब्द बोलून गेलेला असे. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणवाव्यात, त्या थोड्या थोड्या मांडून ऑर्गनच्या नळीचा ध्वनी किती वेळ टिकतो ते मोजावे आणि सकाळपूर्वी गाद्या परत पोचवाव्यात, असा उद्योग केला. यातून पुढील सूत्र निघाले :

ध्वनी विरण्यास लागणारा काळ (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ खोलीतील एकूण शोषण

शोषणाचे माप म्हणून सेबाइनने उघडी खिडकी घेतली. तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे १. गिलाव्याची भिंत, स्लॅब किंवा फरशी जेमतेम ०.०२ ते ०.०३ शोषते.

आता आपली एक खोली घेऊ : ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच. घनफळ ३६ घनमीटर. फरशी, स्लॅब व चार भिंती मिळून पृष्ठफळ ६६ चौरस मीटर. सरासरी ०.०३ धरल्यास शोषण सुमारे २. म्हणून काळ = ०.१६१ × ३६ ÷ २ = सुमारे २.९ सेकंद. रिकाम्या नव्या घरात बोलताना जो घुमारा येतो, तो हाच. आता खाली ४ चौरस मीटरची जाड गादी घातली आणि ४ चौरस मीटरचा जाड, चुण्यांचा पडदा लावला. वरच्या ध्वनींसाठी दोहोंचे शोषण प्रत्येकी ०.५ धरले तर ४ ची भर पडते. ऐकणाऱ्या माणसाचे अर्धे धरू. एकूण झाले ६.५, आणि काळ उतरला ०.९ सेकंदावर. एक पलंग, काही उशा, पुस्तकांचे कपाट अशी भर पडली की तो अर्ध्या सेकंदाकडे सरकतो, आणि घरी गाणे ऐकण्यास तेवढा पुरे.

या हिशेबातून एक जुनी गोष्ट नव्याने कळते. आपल्या जुन्या घरांत कौलांचे छप्पर, लाकडी माळा, भिंतीला लोड-तक्के, खाली गाद्या आणि त्यांवर माणसे असत. बैठकीचे गाणे गोड लागे, त्यात गायकाइतका नसला तरी या गाद्यांचाही वाटा होता. आज वर स्लॅब, खाली शहाबादी किंवा गुळगुळीत फरशी, खिडकीला काच आणि मध्ये काचेचे टेबल. बैठक उठली आणि तिच्याबरोबर शोषणही गेले.

तेव्हा पुढीलप्रमाणे करावे. खोलीच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवावी. मागोमाग झणझण ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती ध्वनी चेंडूसारखा खेळवीत आहेत. मग आपण नेहमीच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीला आरसा टेकवून हळूहळू सरकवावा. आरशात जेथे स्पीकर दिसेल तेथूनच त्याचा आवाज परावर्तित होऊन कानावर येतो. आपाती कोन व परावर्तन कोन समान, हा शाळेतला नियमच येथे कामी येतो. त्या जागी जाड वाकळ टांगावी. मराठी घरातली वाकळ आणि कन्नड घरातली कौदी ध्वनीला सारख्याच. पाठ भिंतीला टेकून बसत असाल तर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे सरकावे, किंवा डोक्यामागेही काही मऊ टांगावे.

जाडीचे कारण असे : ३,४०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १० सेंटिमीटर असते. साधी चादर तिच्यापुढे नगण्य आहे. वाकळ भिंतीला चिकटवण्यापेक्षा पाच-सात सेंटिमीटर अंतर सोडून टांगली तर अधिक शोषते. अंड्यांचे पुठ्ठे व थर्मोकोल यांचा उपयोग फारसा नाही, आणि ते लवकर पेट घेतात हा तोटा वेगळाच. अतिरेकही करू नये. कापड वरचे ध्वनी पिते, खर्ज पीत नाही. सर्व भिंती झाकल्या तर वर मुके आणि खाली घुमते असे विचित्र मिश्रण होते, आणि जवारी हरवते.

बटणे

बहुतेक जण ज्या उपायापासून सुरुवात करतात, तो येथे येतो. उंच व खालचे ध्वनी वेगवेगळे कमी-जास्त करणारी जी बटणे आपण वापरतो, त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज अभियंत्याने १९५२ साली प्रसिद्ध केली. ट्रेबलचे बटण एक-दोन खुणा मागे घेण्यात काहीच गैर नाही. परंतु ते मुख्यतः सर्वांत वरचे ध्वनी कापते आणि टोचणारा भाग बराचसा तसाच राहतो. इक्वलायझर असल्यास फक्त २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्या दोन-तीन डेसिबल खाली घ्याव्यात. 'लाउडनेस'चे बटण लहान आवाजासाठीच आहे. मोठ्या आवाजात ते बंद ठेवावे. खोली न सुधारता नुसते बटण फिरवणे म्हणजे आधी सांगितलेले सस्पेन्स खाते. आकडे जुळतात, चूक तशीच राहते.

ट्वीटरवरचा कागद

स्पीकरच मुळात कर्कश असण्याचे उदाहरण म्हणून जपानच्या यामाहा कंपनीचा 'एनएस-१०' सांगता येईल. १९७८ साली तो घरगुती वापरासाठी निघाला, पण घरी फारसा रुचला नाही. ध्वनिमुद्रणगृहांत मात्र तो जगभर पसरला, आणि तेथील अभियंते त्याचा तिखटपणा कमी करण्यासाठी ट्वीटरसमोर टिश्यू कागद चिकटवू लागले. बॉब होडास या तज्ज्ञाने १९८६ साली मोजमाप करून दाखवले की, कागद ध्वनी नुसता शोषीत नाही. काही भाग तो ट्वीटरकडे परत फेकतो व त्यामुळे काही ध्वनी खोडले जातात, काही वाढतात. कागदाची जात आणि अंतर बदलले की परिणामही बदलतो. १९८७ मध्ये कंपनीने मुद्रणगृहांसाठी सुधारित आवृत्ती काढली, तीत ट्वीटरच बदलला. दाराशी कागद लावण्यापेक्षा घरातली व्यवस्था बदलणे बरे, हाच त्याचा बोध.

आपल्यालाही तसे करता येते. ट्वीटर ८ ओहमचा असेल तर क्रॉसओव्हर व ट्वीटर यांच्यामध्ये १.५ ओहमचा रेझिस्टर एकसर आणि त्यानंतर ट्वीटरला समांतर ३३ ओहमचा रेझिस्टर जोडावा. आवाज सुमारे १.८ डेसिबलने उतरतो, आणि क्रॉसओव्हरला भार मात्र जवळजवळ पूर्वीइतकाच, ७.९ ओहम दिसतो. दोन्ही रेझिस्टर १० वॉटचे, वायरवाउंड जातीचे असावेत. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ते चहा-नाश्त्याच्या खर्चात मिळतात. हमीची मुदत चालू असेल तर पेटी उघडू नये, आणि डाग देण्याचे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे. महागड्या तारांनी कर्कशपणा जाईल या भ्रमात राहू नये. घरातील अंतरासाठी पुरेशी जाड, साधी तांब्याची तार पुरते.

तात्पर्य

क्रम असा ठेवावा : मुद्रण, जोडणी, मांडणी, खोली, बटण आणि अखेरीस रेझिस्टर. नवा स्पीकर या यादीत सर्वांत शेवटी. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस ऐकावे, नाहीतर गुण कोणत्या औषधाचा हे कळत नाही. तुलना करताना आवाजाचा मोठेपणा सारखा ठेवावा, कारण जे मोठे वाजते ते कानाला चांगले वाटते. शक्य झाल्यास बदल एकाने करावा आणि काय बदलले ते न सांगता दुसऱ्याला ऐकवावे. या परीक्षेला घरातील सर्वांत वयस्कर माणूस परीक्षक म्हणून बसवावा. त्याच्या कानाला दुखले नाही आणि तंबोऱ्याची जवारीही शाबूत राहिली, तर संच नीट लागला असे समजावे.